गाडी मर्यादवेलीच्या मागे लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यात कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकण किनाऱ्यावर मुक्काम करण्याबद्दल लेख आला. विषय चांगला आणि वेळही बरोबर. दिवाळी आटोपली की पुण्या-मुंबईकडच्या या गाड्या घाट उतरायला लागतात, आणि आता महिना-महिना राहणारी निवृत्त जोडपीही त्यांत असतात. पण लेखात जागा निवडायची कसोटी एकच होती: दारातून समुद्र दिसला पाहिजे. सोबतच्या फोटोतली गाडीही थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उभी. आम्ही अशा गाड्यांची आतली बांधणी आणि दुरुस्ती करतो. हंगाम संपला की गंजलेली चासी, जळालेले सॉकेट, क्षार धरलेले गीझर असं काम येतं. त्यातलं निम्मं तरी गाडी कुठे उभी होती यावरूनच ठरलेलं असतं. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी पाण्याच्या रेषेबद्दल. पुळणीवर उभं राहून खाली पाहिलं तर भरतीने आणून टाकलेल्या काटक्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ दिसते. ती कालच्या भरतीची. तिच्या वर काही पावलांवर दुसरी, वाळून करडी झालेली रेघ असते. ती गेल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची. आणि त्याच्याही वर जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल वाळूवर पसरलेली असते. ती मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून तिला हे नाव, आणि ते नेमकं आहे. जिथे वारंवार लाट पोचते तिथे ती तग धरत नाही. गाडीची जागा या वेलीच्या मागे, वेल न चिरडता. जागामालक फोनवर 'पाणी इथवर कधी येत नाही' म्हणाला तरी वेल कुठे आहे ते विचारावं किंवा दिवसाउजेडी काढलेला फोटो मागवावा. वेल उपटून, वाळू सपाट करून केलेलं 'बीच कॅम्पिंग' असेल तर तिथे जाऊ नये.

भरतीच्या वेळेचं जुनं गणित किनाऱ्यावर अजून चालतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात अर्ध्यापाऊण तासाचा इकडेतिकडे फरक धरायचा, आणि सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याला, भरती मुंबईच्या थोडी आधी लागते. पाण्याची चढउतारही सारखी नसते. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं, तळकोकणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून मालवणात निर्धास्त राहायची सवय लागलेला माणूस अलिबाग-मुरुडकडे फसतो. पुळणीचा उतार पन्नासाला एक असेल तर पाणी दोन मीटर चढताना आडवं शंभर मीटर आत येतं. ओहोटीला 'एवढा रुंद किनारा' पाहून खाली उतरवलेली गाडी त्या शंभर मीटरांतच अडकते. ओल्या वाळूत मागची चाकं एकदा फिरायला लागली की तीन-साडेतीन टनांची गाडी दहा मिनिटांत एक्सलपर्यंत बसते, आणि जेसीबी यायला लागणारा वेळ भरतीच्या वेळेपेक्षा जास्त असतो.

हिवाळा म्हणजे समुद्र शांत, हेही अर्धंच खरं. अरबी समुद्रात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम. २०१७ साली ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, आणि दोन दिवसांत 'ओखी' वादळ कोकणासमोरून वर सरकत होतं. उधाण आणि वादळी लाटा एकाच वेळी. मुंबईत ऐन डिसेंबरात पाऊस पडून शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. वादळ किनाऱ्याला लागलंच पाहिजे असं नाही. शेकडो किलोमीटरवरून गेलं तरी लाटा येतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते. ते मच्छीमारांसाठी असले तरी मुक्कामी गाडीवाल्याने रोज पाहावेत.

आणखी एक गोष्ट याच रेषेवर घडते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीरेषेच्या जरा वर, म्हणजे 'मस्त जागा आहे' म्हणून गाडी लावावीशी वाटते नेमकी तिथेच, वाळूत हात-दीड हात खोल अंडी घालते. वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, तांबळडेग, वायंगणी हे सगळे किनारे यात आले. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपलाच. गाडीच्या वजनाने घरटं दबतं, आणि रात्री छताबाहेर लावलेल्या पांढऱ्या एलईडी पट्टीकडे पिल्लं समुद्र सोडून चालत येतात. कासवाच्या गावात मुक्काम असेल तर बाहेरचे दिवे आठनंतर बंद. पुळणीवर वाहन न्यायला आपल्याकडे ठिकठिकाणी मनाई आहे, गोव्यात तर बंदीच. आणि गोव्यात उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणंही चालत नाही, हे सिंधुदुर्गातून पुढे सरकणाऱ्यांना पेडण्यात पोचल्यावर कळतं.

मग गाडी लावायची कुठे? आमच्या मते किनाऱ्यापासून दीडशे-दोनशे मीटर आत, सुरूच्या पट्ट्याच्या पूर्वेला. समुद्र दारातून दिसणार नाही, दोन मिनिटं चालावं लागेल. पण त्या दोन मिनिटांच्या बदल्यात काय काय मिळतं ते पाहा. कोकणात हिवाळ्यात दुपारी अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाहतो. फेब्रुवारीत तो चांगलाच दांडगा होतो. त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणारे खाऱ्या पाण्याचे कण येतात. पहिल्या रांगेतल्या गाडीवर सकाळी काचेवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर मीठ लागतं. हेच मीठ एसीच्या कॉइलच्या पातळ पत्र्यात, ब्रेकच्या नळ्यांवर, पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, सौर पॅनेलच्या जोडांत बसतं. सुरूचा दाट पट्टा त्यातलं बरंच अडवतो. शिवाय झाडं पश्चिमेला असल्याने दुपारी दोनपर्यंत पॅनेलवर ऊन आणि त्यानंतर गाडीवर सावली, दोन्ही मिळतं.

मात्र गाडी झाडांखाली नको, झाडांच्या पलीकडे हवी. सुरूच्या सुया आणि बोंडं छताच्या पन्हळीत साठून निचरा बुजवतात, आणि वाळलेल्या सुयांचा थर ठिणगीने पेटतो. सुरूबन बहुधा वन खात्याचं असतं, तिथे चूलबिल पेटवायची नाही. माडाखाली तर गाडी लावूच नये. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, झावळ पडते हे विसरलं जातं, आणि पूर्ण वाढलेली सुकी झावळ प्लॅस्टिकचं व्हेंट सहज फोडते. पट्टा खरोखर आहे का हेही आधी पाहावं. ३ जून २०२०च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातली सुरू आणि पोफळी आडवी केली. जुने फोटो पाहून सावलीचा हिशेब करू नये.

गाडीचं तोंड कुठे करायचं यालाही अर्थ आहे. आपल्याकडे गाडीचं बाजूचं दार आणि त्यावरची ताडपत्रीची ऑनिंग डाव्या अंगाला असते. तोंड पश्चिमेला केलं तर दार दक्षिणेला येतं. दुपारचा वायव्येचा वारा आणि रात्री डोंगराकडून येणारा गार मतलई वारा, दोन्हींपासून दार आडोशाला राहतं. तोंड उत्तरेला केलं तर दार समुद्राकडे, फोटो छान येतो, पण दुपारी वारा ऑनिंगखाली शिरून तिचे दांडे वाकवतो. तोंड पूर्वेला म्हणजे सगळ्यांत वाईट. जागेवर जनरेटर असेल तर रात्री तो आपल्या पश्चिमेला असावा, कारण मतलई वारा पूर्वेकडून वाहतो आणि धूर समुद्राकडे नेतो. उलट असेल तर धूर खिडकीतून आत येतो. हे गैरसोयीपुरतं नाही, झोपेत जीव जाण्याइतकं आहे.

जमिनीचा कस पाहायची साधी रीत: बुटाच्या टाचेने जोरात तीन-चार ठोके मारावेत. टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर तिथे जॅक आणि चाकांखाली फूटभर चौरस जाड फळी लागणार. जांभ्याचा मुरूम टाकून रोलर फिरवलेली जागा उत्तम. सगळ्यांत फसवी म्हणजे कापणी झालेली भाताची खाचरं. नोव्हेंबरात वरून कडक दिसतात आणि आत ओल असते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांत जड गाडी घालू नये. खाडीकाठची खाजणं तर मुळीच नाही. तिथे उधाणाला पाणी जमिनीवरून येत नाही, खालून पाझरतं.

आता विजेबद्दल, कारण इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. जाहिरातीत 'लाइट आहे' एवढंच लिहिलेलं असतं. विचारायचं असं की सॉकेट सहा अँपिअरचं की सोळाचं, मीटरपासून वायर किती जाडीची, आणि त्या वायरीवर आणखी किती गाड्या? सोळा अँपिअर म्हणजे कागदावर ३.६८ किलोवॅट. एक टनाचा एसी सव्वा किलोवॅटपर्यंत, दोन किलोवॅटचा गीझर, दीड ते दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी. या तिघांतले फार तर दोनच एका वेळी चालतात, आणि गीझरसोबत पूर्ण दोन किलोवॅटची शेगडी तर नाहीच. आपली एक्स्टेंशन वायर तीन पदरी तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची घ्यावी. तीस मीटर लांबीत तेरा अँपिअरला तिच्यात सहा व्होल्ट पडतात. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत चौदा पडतात. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज आधीच १९० वर आलेलं असतं. त्यातून चौदा गेले की कॉम्प्रेसर घुरघुरतो, उचलत नाही, गरम होऊन ट्रिप होतो. दोष एसीला दिला जातो. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून तर जड भार कधीच चालवू नये, आतले वेढे वितळतात.

जागेवर पोचल्यावर, गाडी जोडायच्या आधी, साध्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत निकाल लागतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा ६०-११० असं तरंगत असेल तर अर्थिंग नाहीच. पण फेज-अर्थ शून्य असून न्यूट्रल-अर्थमध्ये २३० दिसलं तर अर्थिंग आहे, वायरी उलट जोडल्या आहेत. मग सॉकेटवर दीड किलोवॅटची किटली लावून पुन्हा फेज-न्यूट्रल पाहावं. दहा-बारा व्होल्टपेक्षा जास्त पडले तर कुठेतरी सांधा सैल किंवा वायर बारीक आहे. बारा व्होल्ट गुणिले साडेसहा अँपिअर म्हणजे जवळपास ऐंशी वॅट उष्णता किटलीत न जाता त्या सांध्यात आणि वायरीत मुरते. प्लग काळा पडतो तो असा.

अर्थिंगबद्दल एवढा आग्रह का? घराच्या भिंतीत वीज उतरायला वाट असते. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे जमिनीपासून अलग. आत कुठे वायर सोलपटून पत्र्याला लागली की सगळी बॉडी जिवंत होते आणि आत बसलेल्यांना काही कळत नाही. बाहेर ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराच्या मुठीला हात लावणारा पहिला माणूस हीच मग अर्थिंगची वायर ठरते. किनाऱ्यालगतची कोरडी पुळण वीज नीट उतरू देत नाही, आणि गंजामुळे अर्थिंगची पट्टी सांध्याजवळ तुटते. मालकाने खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर पाण्याची सोय ठेवली आहे का ते पाहावं. जानेवारीनंतर त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. महिनाभर राहणार असाल तर स्वतंत्र सब-मीटर मागावा. रात्रभर एसी चालला तर सहा ते आठ युनिट जातात, आणि ठोक भाड्याच्या वादात हिवाळ्याची मजा जाते. खरं तर मतलई वारा असताना रात्री एसी लागतही नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अठरा-वीस अंश असतं, छताचा पंखा पुरतो.

सौर विजेवरच राहणाऱ्यांनी चारशे वॅटच्या आडव्या पॅनेलवर या दिवसांत रोज एक ते दीड युनिटाचा हिशेब धरावा. छोटा फ्रिज अर्धं-पाऊण युनिट खातो, दोन पंखे रात्रभरात पाव ते अर्धं. भागतं, पण पॅनेल सावलीत नसेल तर. आणि माकडं. कोकणातली माकडं पॅनेलच्या वायरी ओढतात, व्हेंटचं झाकण उचलून पाहतात. वायरी लोखंडी नळीतून नेलेल्या बऱ्या.

पाणी पुढचं. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या साईसारखं असतं. उपसा वाढला की साय पातळ होते आणि खालचं वर येतं. म्हणून नोव्हेंबरात गोड असलेली विहीर फेब्रुवारीत मचूळ होते. देवबागसारख्या जागी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे ही साय आणखीच पातळ. खिशात मावणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, सोबत ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आमचा अनुभव असा की हजाराच्या वर गीझरच्या कॉइलवर पंधरा दिवसांत पांढरा थर धरतो आणि बारा व्होल्टच्या पंपाचे पडदे ताठरतात. मोजमाप सकाळी पहिल्या उपशाला नको, संध्याकाळी पंप तासभर चालल्यावर घ्यावं. तेव्हाचा आकडा खरा. दोन माणसांना जपून वापरलं तर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं, म्हणजे १२० लिटरची टाकी अडीच दिवस. नळापासून गाडीपर्यंतचा पाइप स्वतःचा असावा. बागेच्या हिरव्या पाइपात उन्हाने शेवाळ धरलेलं असतं.

हंगामाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करायची असेल तर शंभर लिटर पाण्याला पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट शंभर मिली घालावं. सगळे नळ वास येईपर्यंत सोडून पाणी पाइपांत खेळवावं, चार तास ठेवून ओतून द्यावं, आणि दोनदा साध्या पाण्याने धुवावं. हे पाणी माडाच्या आळ्यात सोडू नये.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते: संडासची टाकी कुठे रिकामी करायची? कॅसेट संडास, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते असा, सतरा ते वीस लिटरचा, दोघांना अडीच-तीन दिवस. म्हणजे महिन्यात दहा-बारा वेळा. जागेवर सेप्टिक टँकला जोडलेलं, कॅसेट उचलून ओतता येईल असं रुंद भांडं किंवा चेंबर हवं, शेजारी नळ आणि वरून बंद होणारं झाकण. 'मागे खड्डा आहे' हे उत्तर नव्हे. पुळणीची जमीन पाणी गाळत नाही, नुसतं पुढे सोडते. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. वाळूत त्याहून जास्त. कॅसेटमध्ये घालायचं निळं औषध फॉर्मॅलिनचं असेल तर गावच्या छोट्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि आठवड्यात टँक उपळायला लागतो. एन्झाइमचं औषध घ्यावं, थोडं महाग पडतं. भांडी आणि अंघोळीचं पाणी मात्र कोकणातल्या जुन्या पद्धतीने केळीच्या किंवा अळवाच्या वाफ्यात सोडता येतं, मालकाला विचारून आणि तेलकट खरकटं आधी पुसून. पायवाटेवर सोडलं तर डास, आणि त्याहून आधी शेजाऱ्याशी भांडण.

तिथवर पोचणं हाही जागेचाच गुण आहे. छतावर एसी बसवलेल्या गाडीची उंची तीन मीटरच्या जवळ जाते. गावात शिरताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि वर विजेच्या लोंबत्या तारा. मालकाला रुंदी विचारू नये, 'टँकर येतो का' विचारावं. पाण्याचा टँकर येत असेल तर गाडी येईल. आत वळवायला जागा आहे की शंभर मीटर रिव्हर्स काढावा लागेल, हेही. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी मोठा वळसा वाचतो, पण ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तिरपा होतो आणि मागे लांब निघालेली गाडी बोटीत चढताना बंपर किंवा सांडपाण्याचा नळ घासते. मधल्या भरतीला, शक्यतो पाणी चढत असताना, जावं. धक्क्यावरचं खारं पाणी चासीला लागलेलं असतं. मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवावं, मग चहा.

बाकीचं थोडक्यात. २४ डिसेंबर ते २ जानेवारी टाळा, तेव्हा पाणी, वीज, रस्ता सगळ्यांवरच ताण असतो. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा, फेब्रुवारीच्या सुमारास आंगणेवाडीची, पुढे शिमगा. त्या दिवसांत त्या भागातले रस्ते आपले नसतात. मासळी वाळत घालायचाही हाच हंगाम, आणि सकाळचा वारा पूर्वेचा, तेव्हा सुकटीची खळी पूर्वेला असतील तर सकाळ वासातच. ज्यांना सुकट आवडते त्यांची गोष्ट वेगळी. रत्नागिरीकडे फुरसं हा विषारी साप असतो, चपला बाहेर ठेवू नयेत. वयस्कर मंडळी असतील तर ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते रात्रीच्या रस्त्याने मोजावं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण किनाऱ्यावरच्या गावात प्रत्यक्षात काय दिसतं? कोणी नारळाच्या वाडीत दोन सॉकेट बसवतो आणि पाटी लावतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पार्क म्हणून नोंद करताना प्रवेशाच्या पाटीवर एवढंच लिहायची सक्ती केली तरी पुरे: भरतीरेषेपासून अंतर, प्रत्येक जागेला किती अँपिअर, विहिरीचा फेब्रुवारीतला टीडीएस, आणि कॅसेट रिकामी करायची सोय आहे की नाही. ग्रामपंचायतीला सेप्टिक टँकशी जोडलेलं एक सामायिक चेंबर बांधायला फार खर्च येत नाही. दर वेळेला पन्नास रुपये घेतले तरी गाडीवाले आनंदाने देतील. आज ते रात्री अंधारात खाडीकडे जातात.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज मुंबईच्या भरतीची वेळ छापता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या जागी रत्नागिरी आणि मालवणची भरतीची वेळ, पाण्याची उंची आणि तिथी छापावी. चार ओळींची जागा लागेल.

आपले,
कॅम्परव्हॅन बांधणी-दुरुस्तीच्या व्यवसायातले दोन वाचक, चिपळूण